नोटीस निघाली म्हणजे पोहोंचली काय?

सरकारास जे अधिकार मिळतात ते कायद्यानें मिळतात, आणि त्यांची मर्यादाही कायद्यांतच असते. हें तत्त्व जमीनधारकाच्या किती उपयोगाचें आहे, हें मुंबईच्या उपनगरांतील खाजगी वनांच्या खटल्यावरून चांगलें समजतें.

1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 35 अन्वयें खाजगी वनांतील वृक्षतोड वगैरेंस मनाई करण्याचा अधिकार सरकारास होता. परंतु त्यापूर्वीं मालकास नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे, अशी अट त्याच कलमांत होती. विक्रोळीच्या एका जमिनीविषयीं अशी नोटीस 1956 सालीं राजपत्रांत छापली गेली. पुढें अंतिम अधिसूचना मात्र निघाली नाहीं.

नंतर 1975 सालीं महाराष्ट्रांत खाजगी वने संपादनाचा कायदा झाला व 30 ऑगस्टपासून अशीं वनें सरकारजमा झालीं. ज्या जमिनीविषयीं पूर्वीं नोटीस ‘काढली’ असेल, तीही वनच, अशी त्यांत व्याख्या होती. या एका शब्दाच्या आधारें, सुमारें अर्धशतकानंतर, विक्रोळी व मुलुंड येथील जमिनींवर सरकारनें हक्क सांगितला. तोंपर्यंत रीतसर परवानग्या घेऊन तेथें इमारती उठल्या होत्या, व लोकांनीं जन्माची पुंजी घालून घरें घेतलीं होतीं.

मुंबई उच्च न्यायालयानें 2008 सालीं सरकारच्या बाजूनें निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानें 30 जानेवारी 2014 रोजीं तो फिरविला. नोटीस नुसती काढून भागत नाहीं. ती मालकास बजावली पाहिजे, नाहीं तर त्यानें आपलें म्हणणें मांडावें तरी कसें? शिवाय जी नोटीस वर्षानुवर्षें निर्णयावांचून पडून राहिली, ती जिवंत मानतां येत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें.

वनें राखूं नयेत, असा याचा अर्थ नव्हे. डोंगर उजाड झाले तर झरे आपल्याच शेताचे आटतात. परंतु हेतु चांगला असला तरी मार्ग कायद्याचाच हवा. संविधानाच्या कलम 300-अ प्रमाणें कायद्याच्या आधारावांचून कोणाचीही मालमत्ता हिरावून घेतां येत नाहीं, आणि कलम 226 अन्वयें उच्च न्यायालयाकडे दाद मागतां येते.

तथापि न्याय जागरूक माणसाच्या हातास लागतो. यास्तव दर वर्षीं सातबारा व फेरफार पाहावे. नोटीस आल्यास ती मिळाल्याची तारीख टिपून पाकिटासह जपावी. चुकीच्या फेरफारास मुदतींत लेखी हरकत द्यावी व तिची पोंच घ्यावी. मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित केलेल्या नोंदीविरुद्ध अपिलाची मुदत साधारणतः 60 दिवसांची असते. दप्तरांत कागद नीट असला, तर लहान जमीनधारकही सरकारास कायद्याची आठवण करून देऊं शकतो.