वाराणसीतील चर्चा आणि सैन्य नसलेल्या देशाचे संरक्षण

संरक्षण सहकार्य म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर लढाऊ विमाने, संयुक्त कवायती आणि शस्त्रखरेदीचे करार उभे राहतात. ११ सप्टेंबर २०२५ रोजी वाराणसी येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांच्यात द्विपक्षीय चर्चा झाली. तिच्या फलितांच्या यादीत यांपैकी फारसे काही आढळत नाही. तेथे रुग्णालय आहे, बंदर आहे, विमानतळाचा नियंत्रण मनोरा आहे, पशुवैद्यक विद्यालय आहे. आणि त्यांच्याच रांगेत हेलिकॉप्टर व सागरी सर्वेक्षणही आहे. ही सरमिसळ अपघाताने झालेली नाही. तिचे कारण मॉरिशसच्या भूगोलात आणि अर्थव्यवस्थेत शोधावे लागते.

मॉरिशसचे भूक्षेत्र सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. परंतु १९८२ च्या सागरी कायदाविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र किनारी राष्ट्राच्या वाट्याला येते. चागोस द्वीपसमूहाभोवतालचे पाणी धरून मॉरिशसचे हे क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राच्या सातपटींहून मोठा हा जलविस्तार राखण्यासाठी त्या देशाकडे स्थायी सैन्य नाही. पोलीस दलांतर्गत असलेले विशेष फिरते दल आणि राष्ट्रीय तटरक्षक दल यांवरच सारी भिस्त आहे.

अशी स्थिती केवळ हिंदी महासागरातच आढळते असे नव्हे. आइसलँडला स्वतःचे सैन्य नाही, तरी तो ‘नाटो’चा संस्थापक सदस्य आहे. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांच्याकडे लढाऊ विमाने नसल्याने २००४ पासून त्यांच्या आकाशावर ‘नाटो’चे इतर सदस्य आळीपाळीने पहारा देतात. अर्थशास्त्राच्या भाषेत संरक्षण ही सार्वजनिक वस्तू होय. तिचा स्थिर खर्च इतका मोठा असतो की लहान करदात्यावर्गाला तो एकट्याने पेलत नाही. युरोपातील लहान देशांनी हा प्रश्न सामूहिक करारातून सोडवला. हिंदी महासागरात तशी व्यवस्था नसल्याने द्विपक्षीय संबंधांना अधिक महत्त्व येते.

लहान बेटाला धोका नेमका कशापासून असतो, हे २०२० साली दिसून आले. २५ जुलै रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळखडकावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात गळले. मासेमारी आणि पर्यटन या दोन्ही व्यवसायांना त्याची झळ बसली. भारताने तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक आणि तीस टनांहून अधिक सामग्री हवाई दलाच्या विमानाने पाठविली. शत्रूसैन्य नसतानाही ही संरक्षणाचीच कामगिरी होती.

कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेली ‘बॅराकुडा’ ही गस्ती नौका १२ मार्च २०१५ रोजी मॉरिशसच्या तटरक्षक दलात दाखल झाली. भारताने निर्यात केलेली ती पहिली युद्धनौका. त्याच प्रसंगी ‘सागर’, अर्थात क्षेत्रातील सर्वांसाठी सुरक्षा आणि वृद्धी, ही भूमिका मांडण्यात आली. १२ मार्च २०२५ रोजी पोर्ट लुई येथे तिचा विस्तार ‘महासागर’ या नावाने झाला. परीक्षार्थींनी या दोन्ही तारखा व त्यांतील दहा वर्षांचे अंतर ध्यानात ठेवावे.

वाराणसीत जाहीर झालेल्या विशेष आर्थिक पॅकेजचे आकारमान सुमारे ६८ कोटी डॉलर. त्यातील जवळपास २१.५ कोटी डॉलर अनुदान आहे. रुग्णालय, आयुष केंद्र, पशुवैद्यक विद्यालय आणि हेलिकॉप्टर या गोष्टी त्यात येतात. सुमारे ४४ कोटी अनुदान व कर्ज अशा मिश्र स्वरूपात असून ते नियंत्रण मनोरा, रस्ते आणि बंदरातील यंत्रसामग्री यांसाठी आहेत, २.५ कोटी थेट अर्थसंकल्पीय साहाय्य. हेलिकॉप्टर अनुदानात आणि रस्ते कर्जात का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. रस्ता व्यापार वाढवून स्वतःची परतफेड काही अंशी करू शकतो. गस्तीच्या हेलिकॉप्टरला उत्पन्न नसते. संरक्षण सामग्री कर्जाने दिल्याचे उदाहरणही आहेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय सामग्रीच्या खरेदीसाठी १० कोटी डॉलरची कर्जमर्यादा मॉरिशसला मंजूर झाली होती. अशा कर्जाचा लाभ ऋणको देशाबरोबरच धनको देशातील कारखान्यांनाही होतो, हे उघड आहे.

माझ्या मते या भेटीत सर्वांत कमी चर्चिला गेलेला, पण सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे जलसर्वेक्षणाचा करार. पुढील पाच वर्षे अनन्य आर्थिक क्षेत्राचे संयुक्त सर्वेक्षण, नौकानयनाचे नकाशे आणि त्यासाठीची माहिती यांवर दोन्ही देश काम करणार आहेत. समुद्राची खोली ठाऊक नसेल तर बंदर वाढविता येत नाही आणि मोठे जहाज सुरक्षितपणे आत आणता येत नाही. पाणबुड्यांच्या हालचालींसाठीही हीच माहिती लागते. एकाच नकाशाला व्यापारी आणि लष्करी असे दोन्ही उपयोग असतात.

म्हणूनच मॉरिशसच्या जनतेत काही शंकाही उमटतात. मुख्य बेटाच्या उत्तरेस सुमारे १,१०० किलोमीटरवर असलेल्या अगालेगा येथे भारतीय साहाय्याने बांधलेल्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. तेथे लष्करी तळ होत असल्याची टीका त्या देशात झाली आणि तत्कालीन सरकारने ती नाकारली. ही अस्वस्थता केवळ गैरसमज म्हणून झटकणे योग्य नव्हे. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन वर्षे आधी, ब्रिटनने चागोस मॉरिशसपासून तोडले. पुढे तेथील रहिवाशांना हलवून दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ उभा राहिला. ही आठवण तेथे अजून ताजी आहे.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोसवरील सार्वभौमत्वाच्या हस्तांतरणाच्या करारावर सह्या केल्या. त्यात दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे ठेवण्याची तरतूद आहे. वाराणसीतील सहमतीत चागोसच्या सागरी संरक्षित क्षेत्राचा विकास आणि टेहळणी यांचाही समावेश आहे. ब्रिटिश-अमेरिकी तळाच्या शेजारी ही टेहळणी कोणत्या नियमांनी चालेल आणि तिच्यातून मिळणारी माहिती कोणाच्या ताब्यात राहील, हे तपशील त्या करारांच्या अंमलबजावणीतच ठरावयाचे आहेत.