दुचाकीची सीट घरीच भरताना: मऊपणापेक्षा आधार महत्त्वाचा

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडुतुरै हे गाव आहे. १९२२ साली स्थापन झालेल्या भात संशोधन केंद्रामुळे ते देशभरातील शेतकऱ्यांना परिचित आहे. 'एडीटी' या अक्षरांनी ओळखले जाणारे भाताचे वाण याच गावचे. मराठी वाचकांनाही हा परिसर परका नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरात स्थापन केलेली मराठी सत्ता १८५५ पर्यंत टिकली आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच.

कावेरीच्या या सपाट मुलखात गावाहून शेतावर, बाजारात किंवा कामाच्या ठिकाणी जाण्यासाठी मोटारसायकल हेच अनेकांचे साधन आहे. रोज तास-दीड तास तिच्यावर बसणाऱ्याला कंबरदुखी जडली, की दोष रस्त्याला दिला जातो. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु चार-पाच वर्षे वापरलेल्या गाडीची दबलेली सीट हेही त्याचे एक कारण असू शकते आणि ते घरच्या घरी दूर करता येते.

सीट का दबते?

सीटचे तीन भाग असतात. तळाशी पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा साचा, त्यावर फोम आणि वर रेक्झिनचे आवरण. जुन्या गाड्यांना स्प्रिंगची खोगिरे असत, तर काही आसनांत रबर लावलेला काथ्या भरत. आजचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. या रसायनाचा शोध जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला.

हा फोम म्हणजे हवेने भरलेल्या असंख्य सूक्ष्म कप्प्यांची जाळी होय. लाखो वेळा दाबले गेल्यावर कप्प्यांच्या भिंती मोडतात आणि फोम मूळ उंचीला परत येत नाही. शिवणीतून पाणी झिरपत राहिले तर ही झीज लवकर होते. मग नितंबांखालची दोन हाडे थेट साच्यावर टेकतात आणि प्रत्येक खड्ड्याचा हादरा मणक्यापर्यंत पोहोचतो.

बसलेल्या मनुष्याचे शरीर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देते. अशा कंपनांचा कंबरेवर होणारा परिणाम लक्षात घेऊन युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी कंपनांची दैनिक मर्यादाही ठरवून दिली. आपल्याकडे दिवसभर दुचाकीवर माल पोचवणाऱ्याच्या कंबरेची अशी मोजदाद सहसा कोणी करीत नाही.

येथेच एक गैरसमज आढळतो. सीट टोचते म्हणून तिच्यावर मऊ स्पंजचा थर चढवला जातो. पहिली दहा मिनिटे तो सुखद वाटतो. त्यानंतर मात्र शरीराच्या भाराने पूर्णपणे दबतो आणि स्थिती पूर्ववत होते. सावरीच्या कापसाची उशी निजायला उत्तम, पण गाडीवर तिचाही गोळा होतो. लांबच्या प्रवासाला किंचित कडक, परंतु भार रुंद जागेवर पसरवणारा फोमच उपयोगी पडतो. बाजारात तुकडे दाबून बनवलेला 'रिबॉन्डेड' फोम मिळतो. खालच्या थरासाठी तो योग्य ठरतो. त्यावर १० मिलिमीटरचा मऊ थर पुरेसा आहे.

काम कसे करावे?

सीट गाडीवरून सोडवून उलटी ठेवावी. आवरण काढण्यापूर्वी तळाचे छायाचित्र घेतलेले बरे. घड्या कोठे आणि पट्टा कसा होता, हे नंतर आठवत नाही. प्लास्टिकच्या साच्यावरील पिना चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने उचकटाव्यात. पत्र्याच्या साच्याला वाकवलेले दात असतात. ते हळूच सरळ करावेत, कारण वारंवार वाकवल्यास तुटतात. पत्रा गंजला असेल तर घासून त्याला गंजरोधक रंग द्यावा. फोम ओला असल्यास सावलीत पूर्ण वाळू द्यावा. या कामी घाई करू नये. ओल्या फोमला गोंद धरत नाही.

नंतर उघड्या फोमवर नेहमीच्या पद्धतीने बसून भार कोठे पडतो, तेथे खडूने खूण करावी. तेवढाच भाग करवतीच्या पात्याने २० ते २५ मिलिमीटर खोल कापून काढावा. तळाशी किमान तितकाच जुना फोम शिल्लक राहिला पाहिजे. त्या खाचेत कडक फोमचा तुकडा घट्ट बसवावा. चिकटवण्याचे द्रावण दोन्ही पृष्ठांवर लावून, ते बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत थांबून मगच दाबावे. या द्रावणाची वाफ ज्वलनशील असते, म्हणून काम मोकळ्या हवेत आणि चुलीपासून दूर करावे. कडा सॅंडपेपरने उतरत्या कराव्यात. सीटचा उतार टाकीच्या दिशेने राहिला तर चालक सारखा पुढे घसरतो आणि मनगटांवर भार येतो. त्यामुळे बसण्याची जागा जवळजवळ सपाट ठेवावी.

आवरण कायमचे बसवण्याआधी चार-सहा पिनांवर धरून गाडीवर अर्धा तास बसून पाहावे. दोन्ही पाय जमिनीवर पूर्वीसारखे टेकतात का, हे या वेळी तपासणे सर्वांत महत्त्वाचे. सीट इंचभर उंच झाली तरी उंचीने कमी असलेल्या चालकाचा, विशेषतः मागे कोणी बसलेले असताना, थांबताना तोल जाऊ शकतो.

समाधान झाल्यावर फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद पसरावा. ईशान्य मोसमी पावसाच्या या प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्याचा चांगलाच उपयोग होतो. रेक्झिन थोडा वेळ उन्हात तापवले की नरम होऊन सहज ताणले जाते. प्रथम पुढचे टोक, मग मागचे, शेवटी दोन्ही बाजू थोड्या थोड्या ओढत पिना माराव्यात.

मागच्या प्रवाशाचा विचार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार मागे बसणाऱ्यासाठी वाहनाला पक्के जोडलेले योग्य आसन आवश्यक आहे, तर १९८९ च्या केंद्रीय नियमांत हाताने धरण्याची सोयही सांगितली आहे. म्हणून सीटवरचा आडवा पट्टा काढला असेल आणि गाडीला अन्य हँडल नसेल, तर तो पुन्हा भक्कम बसवलाच पाहिजे. एका अंगाला बसणाऱ्या स्त्रिया बहुधा त्यालाच धरतात. सीट कुलपात बसल्यावर ती दोन्ही हातांनी वर ओढून पाहावी. नवा फोम जाड झाल्यास खटका पूर्ण लागत नाही.

हे सारे करूनही हादरे तसेच जाणवत असतील, तर टायरमधील हवा आणि मागचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्यावेत. पाठदुखी पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र सीटवाल्याकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.