नावाचं झालं क्रियापद

मागच्या आठवड्यात आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत एक गंमत झाली. कॉलेजात शिकणारी आमची एक मैत्रीण फोन बाजूला ठेवत म्हणाली, "त्यानं मला घोस्ट केलं." आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या मावशी एकदम उठल्या. म्हणाल्या, "अगं, मग मीठ-मोहरी उतरवून टाकू!" घोस्ट म्हणजे भूत, एवढं इंग्रजी मावशींना येतं. पण बोलता बोलता माणूस अचानक गप्प होतो, फोन घेत नाही, निरोपाला उत्तर देत नाही, भुतासारखा गायब होतो, त्याला हल्लीच्या इंग्रजीत 'घोस्ट करणं' म्हणतात. हे कळल्यावर मावशी म्हणाल्या, "असं होय! मग उतरवायला तो सापडायला तर हवा."

त्यावरून ठरलं, की आजची गप्पा इंग्रजीतल्या अशा घडवलेल्या, थट्टेखोर क्रियापदांवर करायची. ती कशी तयार होतात, कोणाच्या नावावर जातात आणि आपला त्यांच्याशी काय संबंध, ते बघू.

इंग्रजीत नामाचं क्रियापद करायला काहीच लागत नाही. नाम उचललं, क्रियापदाच्या जागी ठेवलं, झालं काम. गूगल हे एका कंपनीचं नाव. लोक 'शोधणे' या अर्थानं ते वापरू लागले आणि २००६ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशानं ते क्रियापद म्हणून नोंदवलं. दुसरी रीत म्हणजे दोन शब्दांची मोट बांधायची. लुईस कॅरल या लेखकानं १८७१ सालच्या आपल्या पुस्तकात 'चॉर्टल' असा शब्द घडवला. गालातल्या गालात हसणं आणि नाकातून फुर्रकन आवाज काढणं, दोन्ही एकदम. पोरखेळ म्हणून केलेला हा शब्द आज शब्दकोशात मानानं बसला आहे.

तिसरी रीत सगळ्यांत मजेदार आणि सगळ्यांत बोचरी. माणसाच्या नावाचंच क्रियापद करायचं.

आयर्लंडमध्ये मेयो नावाच्या परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा गृहस्थ होता. एका बड्या जमीनदाराचा तो कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. जमीनदारानं ती नाकारली आणि बॉयकॉटनं कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा पाठवल्या. नोटीस घेऊन आलेल्या माणसाला आणि त्याच्याबरोबरच्या पोलिसांना गावातल्या बायकांनी दगड, चिखल आणि शेण मारून परत पाठवलं. मग गावानं ठरवलं, की बॉयकॉटला हात लावायचा नाही, पण त्याच्याशी कसलाच व्यवहार ठेवायचा नाही. मजूर शेतावरून निघून गेले, दुकानदारांनी माल देणं बंद केलं. शेवटी पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार शिपाई. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला. डिसेंबर उजाडला आणि साहेब आयर्लंड सोडून गेले.

या प्रकाराला नाव काय द्यायचं? तिथल्या एका पाद्र्याला इंग्रजीतला जडजंबाळ शब्द नको होता, कारण तो कुळांना कळला नसता. त्यानं सुचवलं, याला सरळ 'बॉयकॉट करणं' म्हणू या. शब्द इतका पसरला, की साहेबांचं आडनाव जगभर गेलं. आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीत 'बहिष्कार' शब्द गाजला, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला 'बॉयकॉट'च म्हणत होती.

पण मैत्रिणींनो, हे हत्यार दुधारी आहे. कुळांनी कारभाऱ्यावर उगारलं तेव्हा दुबळ्याच्या हातात बळ आलं. तेच हत्यार जातपंचायत एखाद्या घरावर उगारते, तेव्हा आपण त्याला 'वाळीत टाकणं' म्हणतो. त्यात पाण्यापासून लग्नकार्यापर्यंत सगळं बंद होतं आणि त्याची झळ बाईला जास्त बसते. म्हणून महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे तुमच्या आसपास कोणाला सांगायची गरज असेल, तर जरूर सांगा.

आता दुसरं नाव ऐका. इंग्रजीत 'बाउडलराइज' असं क्रियापद आहे. पुस्तकातला चावट वाटणारा मजकूर कापून ते सोवळं करणं, असा त्याचा थट्टेचा अर्थ. नाव पडलं थॉमस बाउडलर या डॉक्टरवरून. त्यानं १८१८ साली शेक्सपिअरची नाटकं घरात सगळ्यांसमोर वाचता यावीत अशी 'स्वच्छ' करून छापली. एका नाटकातली वेश्या तर त्यानं पार गायबच केली! पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे काम आधी त्याच्या बहिणीनं, हेन्रिएटानं केलं होतं. १८०७ साली वीस नाटकांची तिची आवृत्ती निघाली, तीही नाव न घालता. कारण कापण्याआधी तो मजकूर तिला कळला होता, हेच त्या काळी अविवाहित बाईला उघड सांगता आलं नसतं. काम बहिणीचं, मुखपृष्ठ भावाचं आणि शब्दकोशातलं क्रियापदही भावाचंच. थट्टा झाली तीसुद्धा त्याच्या नावानं. आमच्यातली एक म्हणाली, "चला, निदान शिव्या तरी त्यालाच बसल्या!" आम्ही हसलो खरं, पण मनात खुटखुटलंच.

तिसरा शब्द अलीकडचा: 'मॅनस्प्लेन'. पुरुष आणि समजावणं या दोन शब्दांची ही मोट. जी गोष्ट बाईला आधीच उत्तम येते, ती तिला न विचारता मोठेपणानं समजावून सांगणं, असा अर्थ. रिबेका सॉल्निट या अमेरिकन लेखिकेनं २००८ साली एका लेखात एक प्रसंग सांगितला. एका मेजवानीत एक गृहस्थ तिला एका महत्त्वाच्या पुस्तकाबद्दल शिकवत बसले. ते पुस्तक तिनंच लिहिलेलं होतं! मैत्रीण तीन-चारदा "हे हिचंच पुस्तक आहे" म्हणाली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं. 'मॅनस्प्लेन' हा शब्द काही तिनं घडवला नाही, तो त्या लेखानंतर लोकांच्या बोलण्यातून आला. २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशानं त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं.

हे ऐकून आमची रेकॉर्डिंग सांभाळणारी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे माझं तेच होतं!" गेली सहा वर्षं ती यंत्र चालवते, तरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला कुठलं बटण दाबायचं ते सांगतो. इतके दिवस तिला राग यायचा, पण कशाचा ते सांगता येत नव्हतं. शब्द मिळाला आणि तिला ते हसत सांगता आलं. नाव नसलेलं दुखणं डॉक्टरला सांगणंही अवघड असतं, तसंच हे आहे.

मराठीत हे करता येत नाही असं मुळीच नाही. हातापासून हाताळणं, लाथेपासून लाथाडणं, डोक्यापासून डोकावणं, रागापासून रागावणं, ही सगळी आपल्याच आज्या-पणज्यांची कमाई. हल्ली मात्र आपण प्रत्येक नव्या शब्दाला 'करणे' चिकटवून मोकळ्या होतो. 'अक्कल पाजळणं' आपल्याकडे आहेच, पण कोण कोणासमोर पाजळतो, ते त्यात येत नाही. म्हणून परवा आम्ही एक शब्द घडवून पाहिला: 'फोनाळणं', म्हणजे ताटावर बसून फोनात बुडणं. "वरण निवलं, फोनाळू नकोस!" असं म्हटलं की घरात हशा पिकतो आणि फोनही खाली जातो.

एक पथ्य मात्र आम्ही पाळायचं ठरवलं. शब्द वागण्यावरून घडवायचा, शेजारच्या बाईच्या नावावरून नाही. बॉयकॉट साहेबांकडे कारभार होता, पोलीस होते. आपल्या गल्लीतल्या सुनेच्या नावाचं क्रियापद झालं, तर तिच्या पाठीशी कोण उभं राहील?

तुमच्या घरात असा एखादा शब्द असेल, तर आम्हाला कळवा. मावशींनी वही उघडून ठेवली आहे. पहिल्या पानावर त्यांनी 'घोस्ट' लिहिलंय आणि समोर अर्थ: "मीठ-मोहरी वाया न घालवण्याजोगा माणूस."