ताडोबाची जिप्सी ठिणगीवर चालते, भामरागडची एसटी दाबावर! चावी फिरवली की इंजिनात नेमकं काय होतं?

ताडोबात वाघ दिसला की गाडीचा ड्रायव्हर पहिलं काम काय करतो? चावी उलटी फिरवून इंजिन बंद करतो. मग दहा-पंधरा मिनिटं सगळे श्वास रोखून बसतात. वाघ निघून गेला की पुन्हा चावी, पुन्हा इंजिन सुरू. एका सफारीत हा खेळ अनेकदा होतो आणि त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

पण चावी फिरवणं आणि इंजिन सुरू होणं, या दोन्हींच्या मध्ये बरंच काही घडतं. ते माहीत असेल तर हिवाळ्यात गाडी का कुरकुरते ते कळतं. आणि पावसाळ्यात पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर काय करायचं नाही, हेही कळतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या रस्त्यांवर ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

बॅटरी १२ व्होल्टची, ठिणगी हजारो व्होल्टची

ताडोबाची ओळख बनलेली मारुती जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आली. ही गाडी कंपनीने कायम पेट्रोल इंजिनातच विकली. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं. ते पेटवायला स्पार्क प्लगची ठिणगी लागते.

अडचण अशी की बॅटरी फक्त १२ व्होल्टची. प्लगच्या टोकाशी जेमतेम एक मिलिमीटरची फट असते, पण दाबलेल्या हवेतून ती ओलांडायला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागू शकतात. ही वीज येते इग्निशन कॉइलमधून. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एकात कमी वेढे, दुसऱ्यात हजारो. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह झटक्यात तोडला की त्याचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाबाची वीज तयार होते. ती प्लगपर्यंत गेली की ठिणगी पडते.

हे किती वेळा घडतं? चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या. प्रत्येक ठिणगी ठरलेल्या क्षणीच पडावी लागते. थोडी लवकर पडली तर इंजिन ठोके देतं, उशिरा पडली तर गाडी ओढत नाही.

हँडलपासून चावीपर्यंत

कार्ल बेन्झने १८८६ मध्ये ज्या मोटारीचं पेटंट घेतलं, तिच्यातही बॅटरी आणि कॉइल होती. पण तेव्हाची बॅटरी लवकर संपायची. त्याच काळात डाइमलरच्या इंजिनात बर्नरने लाल तापवलेली नळी मिश्रण पेटवायची. म्हणजे पेट्रोलच्या शेजारी सतत जळणारी ज्योत! १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. मग बॅटरीशिवायही भरवशाची ठिणगी मिळू लागली.

तरी इंजिनाला पहिला फेरा द्यायला पुढून हँडल मारावं लागायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटं फिरायचं आणि माणसाचा हात मोडायचा. हा त्रास संपवला अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. बॅटरीवर चालणारी मोटर इंजिनाला पहिले फेरे देते, इंजिन चालू झालं की बाजूला होते. यालाच आपल्याकडे 'सेल मारणे' म्हणतात. भारतात मात्र जुन्या जीप आणि ट्रकसोबत हँडल पुढेही बरीच वर्षं टिकलं.

पुढे कॉइलचा प्रवाह तोडण्याचं काम 'पॉइंट' करायचे आणि कोणत्या प्लगला वीज द्यायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवायचा. पॉइंट झिजायचे, त्यांना काजळी धरायची, मेकॅनिक पॉलिश पेपरने घासून द्यायचा. आता हे सगळं कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू करतो आणि अनेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते.

डिझेलला ठिणगीच लागत नाही

आता गडचिरोलीकडे येऊ. २०२५ च्या जुलैमध्ये भामरागड तालुक्यातल्या मर्कनारला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी पोचली. अशा रस्त्यांवर धावणारी डिझेल बस किंवा काळी-पिवळी जीप यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जे इंजिन यशस्वी चालवून दाखवलं, त्याची युक्ती सायकलच्या पंपासारखी आहे. पंप मारताना तो गरम होतो, कारण दाबलेली हवा तापते. पेट्रोल इंजिन मिश्रण साधारण नऊ-दहा पट दाबतं, तर डिझेल इंजिन नुसती हवा सोळा ते वीस-बावीस पट. ती पाचशे अंशांच्या पुढे तापते. त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेतं. या अचानक पेटण्यामुळेच डिझेल इंजिनाचा तो 'टकटक' आवाज येतो. जंगलात पेट्रोल गाडी शांत वाटते ती म्हणूनच.

याचा एक फायदा होता. जुन्या डिझेल जीपमध्ये पंप पूर्ण यांत्रिक असायचा. बॅटरी बसली तरी उतारावर लावलेली गाडी गिअरमध्ये टाकून सोडली की चालू व्हायची. आजच्या डिझेल गाड्यांत फवाराही ईसीयू सोडतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली तर धक्का मारूनही उपयोग होत नाही.

ऊन बॅटरी मारतं, थंडी ते उघड करते

चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या प्लेट लवकर खराब होतात. पण गरम इंजिन सहज फिरत असल्याने ते लक्षात येत नाही. डिसेंबरच्या पहाटे ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि सेल 'घुर्र' करून थांबतो. दोष थंडीला दिला जातो, पण बॅटरीचं नुकसान मे महिन्यातच झालेलं असतं.

आणि पाण्यात?

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल वर्षानुवर्षं पावसाळ्यात पाण्याखाली जात आला आणि तालुक्याचा संपर्क तुटत आला. पुलावर पाणी दिसलं की 'डिझेल गाडी आहे, निघेल' असं कुणीतरी म्हणतंच.

यात अर्धंच सत्य आहे. जुनी पेट्रोल गाडी पाण्यात लवकर बंद पडते, कारण डिस्ट्रिब्युटर आणि वायरी भिजल्या की वीज प्लगकडे न जाता भलतीकडेच पळते. जुन्या डिझेलला ती भीती नाही. पण हवा दोन्ही इंजिनांना लागते. एअर फिल्टरच्या तोंडातून पाणी आत गेलं की खेळ संपतो. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये वरची जागा आधीच कमी, म्हणून थोडं पाणीही पुरतं.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. बंद पडताना वाचलेलं इंजिन अनेकदा या सेल मारण्यानेच तुटतं. नेहमीच्या विम्यात असं नुकसान बऱ्याचदा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन कव्हर वेगळं घ्यावं लागतं. गाडी ढकलून किंवा ओढून कोरड्या जागी न्या, बॅटरीची तार काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

आणि पाणी वाहतं असेल तर प्रश्न इंजिनाचा उरतच नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी कार तरंगवू शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, मग आत पेट्रोल असो की डिझेल. अशा वेळी पाणी उतरेपर्यंत अलीकडच्या काठावर थांबायचं.