आधी कान, मग डोळा

सकाळी ७, अंबरनाथ

शटर वर केलं की पहिली नजर भिंतीवरच्या आर्द्रतामापकावर. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते. तेव्हा चिकटवलेली गिटारची पाठ एप्रिलच्या उन्हात आकसते आणि मधोमध तडकते. म्हणून यंत्र लावून खोलीतली हवा पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवायची आणि काटा तिथे टिकला की मगच सरसाला हात लावायचा. आता नोव्हेंबर लागलाय, काटा जागेवर आहे.

आज पाठ निवडायची आहे. गिऱ्हाईक तरुण वादक आहे. बुरशीने काळ्या रेषा उमटलेलं आंब्याचं लाकूड त्याला पाठीला हवंय, कडांना हवंय आणि पुढच्या फळीलाही. त्याची आवड मला मनापासून पटते. हवाई बेटांवर अशाच आंब्याच्या लाकडाची युकुलेली बनतात आणि चांगली किंमत घेतात. आपल्याकडे तेच लाकूड फळांच्या खोक्यांत, सेंट्रिंगच्या फळ्यांत नाहीतर चुलीत जातं. ते वाद्यात यावं, यासाठी माझी धडपड असते.

सकाळी ९, उल्हासनगर

कॅम्प दोनचा फर्निचर बाजार अजून झाडलोटीत आहे. नव्या सोफ्यांच्या मागे एका दुकानात जुन्या घरांतून आलेलं सामान रचलेलं असतं. "साईं, पलंग आला का?" मी विचारतो. दुकानदार हसून मागे बोट दाखवतात.

मोडका शिसवी पलंग आहे. बाजूची पट्टी उचलली की वजनावरूनच शिसव कळतं. कानशीने एक कोपरा घासला की धुळीखालून जांभळट तपकिरी रंग आणि काळपट रेघा वर येतात. खिळ्यांची भोकं वगळून वीस इंच लांब आणि पावणेतीन इंच रुंद असा सलग भाग मिळाला, तर बोटं फिरायची पट्टी त्यातून निघते. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं हे लाकूड आता हलत नाही.

अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ च्या अखेरीस ब्राझीलचं शिसव सोडून भारतीय शिसव धरलं, आणि दक्षिणेतल्या जंगलांतलं हे लाकूड जगभरच्या गिटारींत पोचलं. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या परदेशी व्यापाराला साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. अशा वेळी जुना पलंग सोडून नव्या झाडामागे लागणं मला पटत नाही.

सकाळी ११.३०, लाकडाची वखार

इथे सागाच्या फळ्या उभ्या लावल्यात. ओंडक्यांच्या टोकांवर वनखात्याच्या हातोड्याच्या खुणा आहेत. मी शोधतोय लहर असलेली फळी. झाडाचे तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढले, की चिरल्यावर आडवे पट्टे दिसतात. ओल्या फडक्याने फळी पुसायची, उजेडात धरायची आणि उलटी फिरवायची. खरी लहर असेल तर मघाचा उजळ पट्टा काळा होतो आणि काळा उजळतो. रंगाचा डाग असेल तर तो जिथल्या तिथे तसाच राहतो.

मिस्त्री एक सुंदर फळी पुढे करतात. लहर अव्वल, पण मानेसाठी ती मी घेत नाही. मानेवर तारांचा ताण कायम असतो. तंतू वाकडे असले की तिथूनच मान पिळवटते. पाठीसाठी हीच फळी मी आनंदाने घेईन, पण आधी चिरलेल्या टोकावरची वाढीची वर्तुळं बघून. वर्तुळं फळीच्या पृष्ठाला उभी छेदत असतील तर लाकूड रुंदीत कमी आकसतं. वर्तुळांच्या दिशेने आकसणं साधारण दुप्पट असतं. ही फळी आडवी चिरलेली निघाली. परत ठेवली.

दुपारी २.३०, बदलापूर

शहर संपून वाड्या लागतात तिथे, जूनच्या वादळात पडलेला रायवळ आंबा कुंपणाशी आडवा आहे. पावसाळाभर सावलीत, ओल्या पाचोळ्यावर पडून होता. "न्या की, नायतर चुलीतच जायाचा हाय," काका म्हणतात. मी आधी कागद मागतो. साग, फणस, जांभूळ यांच्याबरोबर आंबाही १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. झाड आपोआप पडलेलं असलं तरी परवानगी आणि वाहतुकीचा पास हातात असल्याशिवाय टेम्पोत काही चढत नाही. काकांनी दोन्ही काढून ठेवलेत.

टोकाची चकती कापून घेतली. फिकट पिवळ्या लाकडात करडी झाक, मध्ये पांढुरके पट्टे आणि त्यांच्या कडेने केसाएवढ्या बारीक काळ्या रेषा. या रेषा म्हणजे हद्दी आहेत. एकाच खोडात दोन बुरशी समोरासमोर आल्या की आपला मुलूख राखायला त्या काळ्या द्रव्याची भिंत घालतात. ओल आणि ऊब हवी तेवढी मिळाली की हे काम काही महिन्यांत होतं. पांढुरका भाग म्हणजे बुरशीने लाकडाचा कस खाल्लेली जागा. तिथेच लाकूड सर्वांत देखणं असतं आणि सर्वांत दुबळंही.

म्हणून अंगठ्याचं नख दाबायचं. काळ्या रेषेजवळ नख ठरत नाही, म्हणजे लाकूड अजून कडक आहे. बुंध्याकडे ते आत रुततं आणि ओला भुगा निघतो. तेवढा भाग सोडला. एका बाजूला भिरुडाने बोट जाईल एवढी भोकं पाडलीत, तोही सोडला. मधलं खोड अडीच फुटी तुकडे करून छोट्या हत्तीत भरलं.

संध्याकाळी ६, अंबरनाथ

आजच्या खोडाची गिटार आज होत नाही. जाडीच्या इंचाला वर्ष, हा वाळवणीचा हिशेब. गिऱ्हाइकासाठी आधीच वाळवून ठेवलेल्या आंब्याच्या फळ्या काढल्या. पुस्तकाची पानं उघडावीत तशा लागोपाठच्या दोन फळ्या शेजारी ठेवल्या की डावीकडची रेषा उजवीकडे उलटी उमटते. पण नक्षी जुळवायच्या आधी प्रत्येक फळी टोकापासून साधारण पाव लांबीवर चिमटीत धरून टकटकवतो. पहिली जोडी दिसायला उत्तम, आवाज बद्द. दुसरीत रेषा कमी, पण आवाज लांबत जातो. दुसरी निवडली.

फोन लावला. "कडा साध्या आंब्याच्या करूया," मी सांगतो. "दीडशे अंशांच्या वर तापलेल्या नळीवर वाकवताना बुरशीचं लाकूड रेषेवरच मोडतं. आणि पुढची फळी स्प्रूसचीच."

"सर, मग आवाज?"

"आवाज पुढच्या फळीचाच असतो." स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या करून तेच दाखवून दिलं होतं, ती गोष्ट मी त्याला सांगतो. "पाठीला म्हणूनच थोडी मोकळीक आहे. तिथे आपण रेषा घालू. पण तिलाही तारांचा ताण सोसायचाय, म्हणून कडक लाकडाच्या."

तो तयार होतो.

रात्री ८

बदलापूरच्या तुकड्यांच्या टोकांना जाड रंग फासला, म्हणजे टोकं आधी सुकून फाटणार नाहीत. उद्या चिरून, मध्ये पट्ट्या देऊन रचायचे. ओल वीस टक्क्यांखाली गेली की बुरशी थांबते. रेषा उरतात, कुजणं थांबतं. प्रत्येक तुकड्यावर गाव, झाड आणि तारीख लिहिली. पुढे यातले बरेच तुकडे मी नाकारीन. चांगली निवड म्हणजे बहुतेक वेळा नाकारणंच. जे उरतील ते आपल्या पावसाने रंगवलेले आणि वाजण्याइतके धड असतील. या पट्ट्यात दर पावसाळ्यात असे आंबे पडतात. त्यांच्याकडे बघणारे हात मात्र वाढायला हवेत.