रायफल हलकी झाली, पण धक्क्याचे काय?

ताणा आणि बाणा एकमेकांत गुंफले की कापड होते, हे भिवंडीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यंत्रमागावरची हीच वीण आज बंदुकीच्या दस्त्यापर्यंत पोहोचली आहे. फरक इतकाच, की तेथील धागा सुताचा वा पॉलिएस्टरचा नसून कार्बनचा असतो आणि विणलेले कापड राळेत भिजवून, साच्यात बसवून उष्णतेने कडक केले जाते. संमिश्र पदार्थ किंवा कंपोझिट म्हणतात तो हाच. एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, अॅल्युमिनियमचे २.७ ग्रॅम, तर कार्बन कंपोझिटचे जेमतेम १.६ ग्रॅम. धाग्याच्या दिशेने ताण दिला तर हा पदार्थ पोलादालाही भारी पडतो. आडव्या दिशेने मात्र सारा भार राळेवर येतो. म्हणूनच त्याचे थर वेगवेगळ्या कोनांत रचावे लागतात.

चढावर दिवसभर चालणाऱ्या सैनिकाला अर्ध्या किलोची बचत म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तरीही अशा रायफलींविषयी जाणकारांचे एकमत नाही आणि त्याला कारणे आहेत.

पहिले कारण भौतिकशास्त्राचे. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल तितक्याच संवेगाने मागे येते. काडतूस तेच ठेवून चार किलोची रायफल तीन किलोची केली, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसात हे खपून जाते. ७.६२ × ५१ मिलिमीटरच्या काडतुसात मात्र दुसऱ्या गोळीचा नेम ढळतो. क्रीडा नेमबाजीत तर वजन ही अडचण नसून आधार असतो. एअर रायफलला कमाल ५.५ किलो वजनाची परवानगी आहे आणि स्थिरतेसाठी नेमबाज वजन कमी करण्यापेक्षा त्याचा तोल साधण्याकडेच अधिक लक्ष देतात.

दुसरे कारण उष्णतेचे, आणि खरा वाद येथेच आहे. काडतूस पेटते तेव्हा नळीत वातावरणाच्या सुमारे चार हजार पट दाब निर्माण होतो. तो पेलण्यासाठी पोलाद लागतेच. अमेरिकेतील आर्मालाइट कंपनीने १९५०च्या दशकात एआर-१० रायफलीसाठी आत पोलाद व बाहेर अॅल्युमिनियम अशी मिश्र नळी वापरून पाहिली. रचनाकार यूजीन स्टोनर यांचा तिला विरोध होता. लष्करी चाचणीत ती नळी फुटली आणि अमेरिकेने १९५७ मध्ये लाकडी दस्त्याची, पारंपरिक घडणीची एम-१४ स्वीकारली. स्टोनर यांचीच हलकी संकल्पना पुढे एम-१६च्या रूपाने त्याच सैन्यात आली, हा भाग निराळा. पण तिची नळी पोलादीच होती.

आज पातळ पोलादी नळीवर कार्बनचे धागे गुंडाळण्याची पद्धत रूढ आहे. डोंगरात दोन-तीन गोळ्या झाडणाऱ्या शिकाऱ्याला ती उत्तम. परंतु राळ ही उष्णतेची चांगली वाहक नाही. सलग गोळीबारात उष्णता आतच कोंडण्याचा धोका उरतो. उत्पादकांचा दावा अर्थातच उलट असतो.

जर्मनीचे उदाहरण अधिक बोलके आहे. हेक्लर अँड कॉख कंपनीच्या जी-३६ रायफलीचा सांगाडा धाग्यांनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकचा. वजन सुमारे ३.६ किलो. रायफल तापली की नेम सरकतो, अशा तक्रारी २०१२च्या सुमारास चर्चेत आल्या आणि २०१५ मध्ये संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी या रायफलीला सध्याच्या स्वरूपात भवितव्य नसल्याचे जाहीर केले. कंपनीने दोष नाकारला. २०१६ मध्ये कोब्लेंझच्या न्यायालयानेही सरकारचा भरपाईचा दावा मान्य केला नाही. पुढे त्याच कंपनीची जी रायफल निवडली गेली, तिचा सांगाडा मात्र अॅल्युमिनियमचा आहे!

आपल्याकडे हा अनुभव थंडीने दिला. १९९९च्या कारगिल युद्धात इन्सास रायफलीची प्लॅस्टिकची मॅगझिने गोठवणाऱ्या थंडीत तडकल्याच्या तक्रारी झाल्या. सियाचिनपासून थरच्या वाळवंटापर्यंत एकच शस्त्र वापरणाऱ्या सैन्यासाठी पदार्थाची निवड किती नाजूक असते, हे त्यातून उमगते. इन्सासची रचना पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या संस्थेची. याच संस्थेने हैदराबादच्या द्वीपा आर्मर कंपनीबरोबर तयार केलेली ‘उग्रम’ ही ७.६२ मिलिमीटरची रायफल जानेवारी २०२४ मध्ये सादर झाली. तिचे वजन चार किलोंहून कमी आहे, पण फार कमी नाही. धक्क्याचे गणित लक्षात घेता हा संयम योग्यच वाटतो.

कार्बनचा धाडसी वापर झाला तो ‘अस्मी’ या मशीन पिस्तुलात. एआरडीई आणि महू येथील इन्फंट्री स्कूल यांनी, लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या पुढाकाराने, २०२१ मध्ये ते पुढे आणले. त्याचा वरचा भाग विमानांसाठी वापरतात त्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, तर खालचा कार्बन फायबरचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागात अशी ५५० पिस्तुले दाखल झाली. त्यांचे काडतूस ९ मिलिमीटरचे, म्हणजे रायफलीच्या तुलनेत दाब आणि धक्का दोन्ही बरेच कमी. वजन घटवण्याची किंमत तेथे खांद्याला फारशी मोजावी लागत नाही.