विश्लेषण : ‘डॉक्टर हू’चा नायक बदलत राहतो, मग प्रेक्षक गुंततात कोणात?

‘बीबीसी’ची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. १९८९ मध्ये ती थांबली आणि २००५ मध्ये नव्याने परतली. एवढ्या वर्षांत डझनभराहून अधिक कलाकारांनी डॉक्टर साकारला. पण आवडत्या भागांचा विषय निघाला की चर्चा हमखास त्याच्या सोबत्यांवर येते. असे का? (पुढे काही कथांचे शेवट उघड होतात.)

मालिका नेमकी काय?

डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी. त्याचे यान ‘टार्डिस’ बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारखे दिसते, आत मात्र अवाढव्य आहे. मरणाच्या दारात तो नवे शरीर धारण करतो. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले, तेव्हापासून ही युक्ती मालिकेला तारत आली आहे. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनऊमध्ये जन्मलेले वारिस हुसेन, तर निर्मात्या होत्या २७ वर्षांच्या व्हेरिटी लॅम्बर्ट.

सोबती कशासाठी?

पहिल्या कथेत डॉक्टरबरोबर त्याची नात सुझन आणि तिचे दोन शिक्षक होते. एक विज्ञानाचा, दुसरी इतिहासाची. प्रेक्षकाच्या मनातले प्रश्न सोबती विचारतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डॉक्टर शेकडो वर्षे जगतो, सोबत्याला मात्र एकच आयुष्य असते. त्यामुळे खरी जोखीम त्याची असते.

मागे राहिलेल्यांचे काय?

सारा जेन स्मिथ (एलिझाबेथ स्लेडन) १९७६ मध्ये मालिकेतून गेली. २००६ च्या ‘स्कूल रियुनियन’मध्ये ती परतली आणि आपल्याला न्यायला डॉक्टर पुन्हा का आला नाही, याचा जाब तिने विचारला. वर, त्याने आपल्याला घराजवळ क्रॉयडनला नव्हे, तर थेट ॲबर्डीनला उतरवले होते, हेही तिने ऐकवले!

डोनाचा शेवट का सलतो?

डोना नोबल (कॅथरीन टेट) ही ऑफिसांत तात्पुरत्या नोकऱ्या करणारी, स्वतःला कमी लेखणारी बाई. २००८ च्या ‘जर्नीज एंड’मध्ये ती विश्व वाचवते. पण डॉक्टरचे ज्ञान तिच्या मेंदूला पेलणारे नसते. ती नको म्हणून विनवत असतानाही तो तिच्या आठवणी पुसतो. जीव वाचतो, पण आपण काय करून दाखवले हे तिलाच ठाऊक राहत नाही. त्याने योग्य केले का? चाहत्यांना हा प्रश्न छळत राहिला. २०२३ च्या ‘द स्टार बीस्ट’मध्ये तिच्या आठवणी परतल्या.

फाळणीवरचा भाग वेगळा का?

विनय पटेल यांनी लिहिलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ ११ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रसारित झाला. शेफील्डची यास्मिन खान (मनदीप गिल) आजीचे गुपित शोधत ऑगस्ट १९४७ मध्ये पोहोचते. तरुण मुस्लीम आजी उमब्रीन हिंदू प्रेमशी लग्न करणार असते. पण यास्मिनचा आजोबा तर वेगळाच! प्रेमचा जीव घ्यायला येणाऱ्या टोळीत त्याचाच धाकटा भाऊ असतो. प्रेमला वाचवले तर यास्मिनचे कुटुंबच उरणार नाही. त्यामुळे डॉक्टर आणि यास्मिन पाठ फिरवून चालू लागतात आणि मागून गोळीचा आवाज येतो. ज्या परग्रहवासीयांना आपण मारेकरी समजत असतो, ते प्रत्यक्षात एकाकी मरणाऱ्यांचे साक्षीदार व्हायला आलेले असतात. भागाच्या नावातले ‘डीमन्स’ माणसेच ठरतात.

सुरुवात कुठून करावी?

नव्या प्रेक्षकाने २००७ चा ‘ब्लिंक’ आधी पाहावा. त्यात डॉक्टर अगदी थोडा वेळ दिसतो. पापणी लवताच हलणारे दगडी पुतळे आणि सॅली स्पॅरो (कॅरी मुलिगन) ही तरुणी कथा पेलतात. मागचे काही पाहिलेले नसले तरी अडत नाही. एकट्या डॉक्टरला पाहायचे असेल, तर २०१५ चा ‘हेवन सेंट’ आहे. मात्र तो आधीच्या भागात क्लारा ही सोबती गमावल्यानंतरचा आहे. आदला भाग पाहिल्याशिवाय त्यातले दुःख पोहोचत नाही.